चौथ्या चाकाची चाकरी

आंबेखिंडच्या राजेसाहेबांची जीप सव्वा महिन्यात दुसऱ्यांदा भर चौकात गुरगुरून बसली, आणि राजेसाहेब तिच्याहून मोठ्याने गुरगुरले.

"दौलू! गिअरबॉक्स पुन्हा गेला! दुरुस्त करून आणलास, तरी गेला! उद्या दुपारपर्यंत कारण सांग, नाहीतर किल्ली ठेव, बिऱ्हाड उचल आणि चालू लाग!"

दौलू ड्रायव्हरने हात जोडले. "सरकार, सपाट रस्त्यावर दोनच चाकांनी गाडी ओढू द्या. चारही जोडायची ती चिखलात."

"का? दोघांनी ओढायचं आणि दोघांनी मजा बघायची? माझ्या पदरी चार चाकं आहेत, चारही राबतील! आणि टायरला बोल लावू नकोस. एक फाटला, तर तस्साच नवाकोरा आणवला. नंबर तोच, कंपनी तीच. बाकीचे तीन जुने असले तरी उत्तम आहेत, ते टाकायचे नाहीत. नवा पडून राहायचा नाही, त्याची पूजा झालीय. आणि आणखी काही विकत आणायचं नाही. आता शोध कारण!"

दौलू घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची बायको अनशी पालखीच्या म्होरक्या भोयाची लेक. जीप आली तेव्हापासून तिचे बाबा घरीच होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, जुने तीन किती झिजलेत?"

"तीन वर्षांत झिजायचे तेवढे."

"आणि चारही चाकं एकमेकांना बांधलेली?"

"बांधलेलीच म्हण. एक जरा वेगळं फिरायला लागलं, की सगळी खेचाखेच मधल्या गिअरबॉक्सात."

"मग उद्या मी येते."

"तू? तुला गाडीतलं काय कळतं?"

"काहीच नाही. पण पालखीतलं कळतं."

सकाळी अनशीने सगळ्यांसमोर जुन्या टायरभोवती सुतळी गुंडाळली, टोकाला टोक आलं तिथे कापली. तीच सुतळी नव्या टायरला लावली. दोन टोकांत तीन बोटांचं अंतर राहिलं!

"नंबर तोच, सरकार, पण हा अजून झिजलेला नाही, म्हणून घेराने मोठा. ते तीन जितके फिरतात तितका हा फिरतच नाही."

"तीन बोटं!" राजेसाहेब हसले. "तीन बोटांनी काय राज्य बुडतं?"

"राज्य नाही बुडत. जरा पालखीत बसता का? बाबा भोई घेऊन आलेत."

राजेसाहेब बसले. तीन खांदे जुने, एका उंचीचे. पुढचा उजवा खांदा मात्र अनशीचा चुलतभाऊ हणमा, ताडासारखा!

"हं, चला!"

पालखी एका अंगाला कलंडली. राजेसाहेब घसरत कोपऱ्यात गेले. हणमाचं एक पाऊल म्हणजे इतरांची सव्वा पावलं. तो पुढे खेची, बाकीचे मागे ओढत, आणि मधली दांडी कण्हायला लागली. राजेसाहेबांचा फेटा डोळ्यांवर आला.

"थांबा! अरे थांबा! दांडी मोडेल! हा उंट कुणी लावला?"

अनशी अदबीने म्हणाली, "सरकार, बाकीचे तीन उत्तम आहेत. एकच नवाकोरा आहे. गाव तेच, पगार तोच!"

राजेसाहेबांनी फेटा वर केला. कण्हणाऱ्या दांडीकडे पाहिलं, मग जीपकडे. हट्टी होते, पण मठ्ठ नव्हते.

"बरं! दोष दौलूचा नाही, मानलं. पण माझ्या अटी त्याच! जुने टाकायचे नाहीत, नवीन आणायचं नाही, नवाकोरा पडून राहायचा नाही. आता करून दाखव चौघे सारखे! नाहीतर किल्ली ठेवायचीच!"

दौलूचा चेहरा उतरला. अनशीने ओठ चावला. घरून ती इथपर्यंतच ठरवून आली होती! बिचारा हणमा बाजूला मान चोळत उभा होता. त्याच्याकडे बघता बघता तिला सुचलं.

"सरकार, हणमाला एकदम पालखीला लावलं, ते माझंच चुकलं. तुमच्याकडे नवा गडी आला की आधी काय करतो?"

"काय म्हणजे? पाणी भरतो! वर्षभर घासला जातो, मग माझ्यासमोर येतो. आजोबांपासूनची रीत आहे."

"मग हा टायरच तेवढा पहिल्या दिवशी हुजुरात कसा?"

राजेसाहेब नव्या टायरकडे रोखून बघायला लागले.

"लावा त्याला पाण्याच्या गाडीला! तिला जीपच्याच मापाची चाकं आहेत. दोनच, आणि ज्याचं ते फिरतं, कुणी कुणाला बांधलेलं नाही. पिंप जरा कलेल, इतकंच. रोज नदीपासून खडीचा रस्ता तुडवू दे. मी आठवड्याला सुतळी लावून बघेन. तीन बोटं भरून निघाली, की आणा वर. काही टाकलं नाही, काही आणलं नाही, आणि नवाकोरा पडूनही राहिला नाही!"

"आणि तोवर मी काय तीन चाकांवर फिरू?"

"तोवर चार सारखे भोई आहेत की!"

बाबांनी तेवढ्यात हणमाच्या जागी दांडीला खांदा दिलाही होता.

राजेसाहेब असे हसले, असे हसले, की फेटा पार मांडीवर आला! "दौलू, किल्ली तुझ्याकडेच ठेव. आणि पोरी, आजपासून माझ्या सगळ्या गाड्यांची चाकं तपासणारी तू. पगार दौलूच्या दीडपट!"

दौलूच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. अनशीने ती बरोबर पाहिली.

"मग यांचाही तेवढाच करा, सरकार! दोघं एका दांडीला बांधलेली. एक मोठं, एक लहान झालं, तर आमच्या घरातून रोज गुरगुर ऐकू येईल!"

"केला! केला!" राजेसाहेब डोळे पुसत ओरडले, आणि यावेळी भोयांनाही इतकं हसू आलं, की चारही सारखे असूनसुद्धा पालखी गदगदा हलली.