ठकूबाईचा बहिरा कबऱ्या

फार वर्षांपूर्वी माळावर मेंढ्या राखणाऱ्या ठकूबाईने टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या आश्रमातून एक पिल्लू आणलं. आई मेंढ्या राखणाऱ्या जातीची, बाप कुठलासा गावठी आणि पिल्लू ठार बहिरं. ठकूबाईने त्याचं नाव कबऱ्या ठेवलं आणि वर्षभरात नुसत्या हाताच्या खुणांनी त्याला कळप वळवायला शिकवलं.

म्हातारी मेंढी भोरी मात्र कुरकुरायची. "मी ओरडून मेले तरी याला कळायचं नाही. हा कसला आम्हाला राखतोय?"

एका दुपारी टेकडीमागून लांडगा ओरडला. कळपाची दुसरी दोन मोठी कुत्री तिकडे धावली, मागोमाग काठी घेऊन ठकूबाईही. तेवढ्यात दुसरा लांडगा ओढ्याकडून गुपचूप भोरीच्या कोकराकडे सरकला. भीतीने भोरीच्या तोंडून आवाजच फुटेना. पण कबऱ्याची नजर कळपावरच होती. भोरी थरथरताना दिसली मात्र, तो भुंकत थेट लांडग्याच्या अंगावर गेला. ते ऐकून बाकीचेही परतले आणि लांडग्याने ओढ्यापार धूम ठोकली.

संध्याकाळी कोकरू कबऱ्याच्या पाठीमागे "दादा, दादा" करत हिंडत होतं.

"तसं नाही, बाळा," भोरी म्हणाली, "आधी त्याच्या समोर जाऊन उभं राहा."