मातीत गेला झुबकीचा दाणा

एक होती खार. तिचं नाव झुबकी. तिने अंगणात एक दाणा पुरला. भुईमुगाचा दाणा. तिला वाटलं, भूक लागली की उकरू, दाणा काढू, मटकावू. माती काय, मऊच असते.

भूक लागली. झुबकी आली टुणुक टुणुक. पण ऊन पडलं होतं रखरखीत. माती झाली होती दगडासारखी. झुबकीने उकरलं. खर्र खर्र. नखं दुखली, पण दाणा काही निघेना.

"मातीबाई, मातीबाई, दाणा दे.
दाणा मिळाला तर पोट भरेल."

माती म्हणाली, "मी कोरडी ठणठणीत. मी नाही देत. झारीला सांग, मला भिजव."

टुणुक टुणुक, झुबकी गेली झारीकडे. झारी नळाखाली उभी, काठोकाठ भरलेली.

"झारीबाई, झारीबाई, चल.
झारी आली तर माती भिजेल.
माती भिजली तर दाणा मिळेल.
दाणा मिळाला तर पोट भरेल."

झारी म्हणाली, "मला का पाय आहेत? मी नाही येत. मुग्धाला सांग, मला उचल."

टुणुक टुणुक, झुबकी गेली मुग्धाकडे. मुग्धा पायरीवर बसली होती. अंगात झगा, कोरा करकरीत.

"मुग्धाताई, मुग्धाताई, चल.
मुग्धा आली तर झारी येईल.
झारी आली तर माती भिजेल.
माती भिजली तर दाणा मिळेल.
दाणा मिळाला तर पोट भरेल."

मुग्धाला फार यायचं होतं. पण ती म्हणाली, "झगा नवा आहे. मी नाही येत. आईला सांग, जुना झगा दे."

टुणुक टुणुक, झुबकी गेली आईकडे. आई दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"मुग्धाची आई, मुग्धाची आई, झगा दे.
झगा मिळाला तर मुग्धा येईल.
मुग्धा आली तर झारी येईल.
झारी आली तर माती भिजेल.
माती भिजली तर दाणा मिळेल.
दाणा मिळाला तर पोट भरेल."

आई म्हणाली, "रंगपंचमीचा झगा आहे की. तो कितीही मळू दे. पण त्यावर भुरी झोपली आहे. मी नाही देत. भुरीला सांग, ऊठ."

भुरी कोण? भुरी म्हणजे मांजर!

झुबकीची शेपटी थरथरली. पण पोटात कावळे ओरडत होते. झुबकी गेली. हळूच. टुण्... टुण्...

"भुरीमावशी, भुरीमावशी, ऊठ.
भुरी उठली तर झगा मिळेल.
झगा मिळाला तर मुग्धा येईल.
मुग्धा आली तर झारी येईल.
झारी आली तर माती भिजेल.
माती भिजली तर दाणा मिळेल.
दाणा मिळाला तर पोट भरेल."

भुरीने एक डोळा उघडला. "मी नाही उठत," म्हणाली. डोळा मिटला.

आता सांगायचं कोणाला? पुढे कोणीच नव्हतं. मग झुबकीने काय केलं? आपली झुबकेदार शेपटी भुरीच्या नाकावर फिरवली. गुदुगुदु, गुदुगुदु.

आऽऽक्छी! भुरी उडालीच. झुबकी पळाली सर्रर्र, थेट शेवग्याच्या शेंड्यावर.

भुरी उठली, झगा मिळाला.
झगा मिळाला, मुग्धा आली.
मुग्धा आली, झारी आली.
झारी आली, माती भिजली. भळ भळ भळ.

आणि काय चिखल झाला! पच्याक पच्याक. मुग्धाने चिखलाचे लाडू वळले. चिखलात पाय रुतवले. नाकाला चिखल, कानाला चिखल. आई बघायला आली. म्हणाली, जरा सरक, मलाही एक लाडू वळू दे.

झुबकी वरून बघत राहिली. खाली उतरायला जागाच नव्हती.

संध्याकाळी दोघी आंघोळीला गेल्या. जाताना आईने झाडाखाली मूठभर दाणे ठेवले. झुबकीने खाल्ले. कुट् कुट् कुट्. पोट भरलं.

सकाळी झुबकी अंगणात आली. माती मऊ मऊ. तिने उकरलं. खस खस. सापडला तिचा दाणा. टपोरा झाला होता. आणि त्याला फुटलं होतं एक पांढरं टोक. इवलंसं, ओलं.

मुग्धा धावत आली. अंगात तोच मळका झगा. "खा ना," ती म्हणाली.

झुबकीने दाणा हुंगला. इकडून बघितला, तिकडून बघितला. मग परत खळग्यात ठेवला. वर माती सारली. थाप थाप.

"मी नाही खात," झुबकी म्हणाली. "हा मोठा होऊ दे."