लंगडीच्या गळ्यातलं अंडं

"आज्जा, कावळा नेमका कुणाच्या शब्दावर शिवला?"

लगमाचा हा प्रश्न पाच महिन्यांत सगळ्यांना विचारून झाला होता. काका म्हणाले, गप. आई तोंडाला पदर लावून आत गेली. दहावं करायला आलेल्या गुरुजींनी घड्याळ बघितलं.

आता तो माळावर म्हाळाप्पा धनगरासमोर उभा होता. म्हाळाप्पाचा मेंढा जत्रेत सलग तीन वर्षं पहिला आलेला. असलं जातिवंत जनावर कसं निपजतं, हे विचारायला कुठून कुठून माणसं यायची. म्हातारा बहुतेकांना पाणी पाजून वाटेला लावायचा.

"कसला कावळा?"

"अण्णाच्या दहाव्याचा."

म्हाताऱ्यानं तळहातावर तंबाखू घेतली...

गप्प बसणं लगमाला कधीच जमलं नव्हतं. सातवीत शाळा सोडली तीसुद्धा मास्तर 'जरा वेळ गप्प बस' म्हणाले म्हणून. त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं. थोरला भाऊ रायाप्पा तीन दिवसांच्या तापात गेला. दहाव्याला पिंड मांडला, तर कावळा कुंपणावर बसून भलतीकडंच बघत राहिला. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून घरचे एकेक शब्द द्यायला लागले. काका म्हणाले, तुझी मोटारसायकल विकणार नाही. आई म्हणाली, धाकट्याला मी सांभाळते. आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत लगमा ओरडला, "अण्णा, तुझं अंडं मी उबवतो!"

कावळा खाली उतरला.

"तिघंबी एकदम बोललो, आज्जा. मग त्यानं ऐकलं कुणाचं?"

"अंडं कसलं?"

लगमानं खिशातून भावाचा मोबाइल काढला. त्यात एक खेळ होता. अजब जनावरं पकडायची, त्यांच्या जोड्या लावायच्या, अंडी काढायची आणि पिल्लं मोठी करून दुसऱ्यांच्या जनावरांशी लढवायची. अण्णाचं जनावर म्हणजे आगपाल, जाळ फुंकणारी पाल. पिल्लाला ताकद, दम, चपळाई असे सहा गुण असतात. जो गुण पूर्ण उतरला, त्याची एक चांदणी कपाळावर उमटते. पाच गुण आईबापाकडून येऊ शकतात. सहावा नशिबाचा.

"चार वर्षं खपला अण्णा. सहा चांदण्यांची एकबी निघाली न्हाई."

"आणि तू?"

लगमानं छाती फुगवली. "माझ्या मोबाइलवर दोनशे चाळीस अंडी काढली! पाच चांदण्यांपातुर गेलोय."

"मग ती पाचवाली कुठं हाय?"

"सोडून दिली. सहा न्हाईत म्हटल्यावर काय करायचंय?"

"सोडली म्हंजे कुठं?"

"जंगलात. गेममधल्या."

"एकटी?"

"...बटन असतंय आज्जा, बटन."

म्हाताऱ्यानं मान हलवली. बटन असतं म्हटल्यावर काय बोलणार!

"आणि उबवतूस कसं?"

"चालायला लागतंय. मोबाइल घेऊन माणूस चालला की तो पावलं मोजतोय. तेवढी पावलं झाली की अंडं फुटतंय."

"आमच्यात कोंबडी बसून उबवती. तुझी चालून उबवती व्हय?"

"मी तर चालतबी न्हाई," लगमा अभिमानानं म्हणाला. त्याचं पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या हवा भरायच्या मशिनला मोबाइल बांधला की मशिन थडथडायचं आणि मोबाइलला वाटायचं, मालक पळतोय. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस अंडी मशिननंच उबवली होती.

पण अण्णाच्या मोबाइलमध्ये त्याचं स्वतःचं एक अंडं शिल्लक होतं. शेवटचं. फुटायला तीनशे पावलं कमी. ते काही मशिनला बांधायला लगमाचा हात उचलला नव्हता. त्यातून कपाळकोरं पिल्लू निघालं तर? मग अण्णाचं काहीच उरलं नाही.

"म्हणून आलोय. आज्जा, मोबाइल तुमच्या मेंढ्याच्या गळ्यात बांधू द्या. त्याचा गुण अंड्यात उतरू दे."

म्हातारा तंबाखू मळत राहिला. लगमानं त्यालाच होकार धरलं आणि सुतळीनं मोबाइल मेंढ्याच्या गळ्यात बांधलासुद्धा.

मेंढा खरंच देखणा. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, लांब कान. तो बाभळीखाली जाऊन उभा राहिला. उभाच राहिला. रवंथ करत जत्रेतल्या पंचांकडं बघावं तसं त्यानं लगमाकडं बघितलं.

ऊन चढलं. लगमानं जाऊन मोबाइल बघितला.

अकरा पावलं.

"आरं चाल की, पहिल्या नंबराच्या!" लगमा मागून ढकलायला लागला. मेंढ्यानं एक बारावं पाऊल टाकलं, तेही लगमाच्या पायावर.

म्हातारा खोखो हसला. डोळ्यांना पाणी आलं. ते पुसत तो म्हणाला,

"रायाप्पा ह्याच्या गळ्यात बांधत नव्हता."

लगमा पाय धरून होता, तो तसाच राहिला.

"अण्णा इथं यायचा?"

"चार वर्षं. सकाळी बांधायचा, सांजच्याला सोडून न्यायचा. मघाशी तुझ्या तोंडनं ऐकावं म्हणून इचारत हुतो."

"...कुणाला?"

म्हाताऱ्यानं काठीनं दाखवलं. कळपाच्या पार कडेला एक म्हातारी मेंढी चरत होती. लगमानं हाक मारली, चुचकारलं, शिव्या घातल्या. तिनं मान वर केली नाही. मग म्हाताऱ्यानं उठून घोंगडी हवेत हलवली, तशी ती निघाली. एक पाय आखूड. प्रत्येक पावलाला सगळं अंग एकदा खाली, एकदा वर.

तिच्या गळ्यात रबराची काळी पिशवी होती. सायकलच्या ट्यूबची, मेणाच्या दोऱ्यानं शिवलेली.

ती पिशवी लगमानंच शिवली होती. गेल्या दिवाळीत अण्णानं मागितली म्हणून. कशाला, ते अण्णानं सांगितलं नव्हतं आणि दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून लगमानंही विचारलं नव्हतं.

"जनावर सहा चांदण्यांचं पाहिजे," तो एकदम चिडून ओरडला, "आणि बांधायचा लंगडीला?"

"तिच्या एका पावलाला तुझा मोबाइल दोन मोजतोय," म्हातारा म्हणाला. "रायाप्पानं पैल्याच दिवशी हेरलं."

लगमानं मेंढ्याच्या गळ्यातला मोबाइल सोडला आणि पिशवीत सरकवला. बरोबर बसला. बसणारच, माप त्यानंच घेतलं होतं.

कळप हलला. लंगडी खाली-वर, खाली-वर. लगमा तिच्या बाजूनं चालला. बांधाच्या अलीकडंच पिशवीतून पिपाणी वाजल्यासारखा आवाज आला.

"फुटलं," लगमा म्हणाला आणि खालीच बसला. "तुम्ही बघा. मला बघवत न्हाई."

म्हाताऱ्यानं मोबाइल काढून डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"पाल हाय."

"पालच असणार आज्जा! कपाळावर चांदण्या किती?"

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले.

"किती?"

"एक... न्हाई. ते तंबाखूचं बोट लागलं वाटतं." त्यानं काच धोतराला पुसली. "कपाळ कोरं हाय."

लगमानं मोबाइल हिसकावला. कोऱ्या कपाळाची आगपाल त्याच्याकडं बघून जाळ फुंकत होती. जाळ कसला, नुसता धूर. खाली दोन बटनं होती. 'नाव द्या' आणि 'सोडून द्या'.

"शब्द मोडला," तो म्हणाला. "सहा चांदण्यांचा शब्द दिला होता मी कावळ्याला."

"काय म्हणाला होतास? बोल बघू परत."

"अण्णा, तुझं अंडं मी उबवतो..."

"फुडं?"

"सहा चांदण्यांची काढतो."

"ह्ये कवा म्हणालास?"

लगमा आठवायला लागला. काकांनी त्याचा दंड धरला होता. पिंडावरचा भात विस्कटलेला होता. कुंपण रिकामं होतं.

"...कावळा उडून गेल्यावर."

म्हातारा तंबाखू थुंकायला पलीकडं गेला आणि बराच वेळ तिकडंच राहिला.

परत आला तेव्हा लगमा एका बोटानं एकेक अक्षर शोधत होता. जोडाक्षरावर अडला. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा जमलं.

"सोडलीस व्हय?"

"न्हाई. नाव घातलं."

"नुसतं घालून चालतंय? बारशाला कानात सांगायला लागतंय."

"मोबाइलला कान कुठनं आणू?"

"जिनं चालून उबवली, तिच्या कानात सांग."

लगमानं मोबाइल पुन्हा पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड नीट दाबलं. मग लंगडीशेजारी गुडघे टेकले. थोरल्या भावाला त्यानं जन्मात नावानं हाक मारली नव्हती. इकडंतिकडं बघून, तिच्या कानाला तोंड लावून तो हळूच पुटपुटला,

"रायाप्पा."

लंगडी चरत राहिली.

म्हाताऱ्यानं घोंगडी खांद्यावर टाकली.

"मोठ्यानं सांग लेका. ती बहिरीबी हाय."