विसर की विराम

“पण सर, भूमिका कोणत्या केल्या?”

“एकही नाही.”

निरंजन टिपणिसांचं पेन कागदावर अडलं.

वैनगंगेकाठच्या त्या लहानशा कॉलेजात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक दोनच. माहितीपत्रकात दोघांचा परिचय छापायचा होता, आणि ते काम नव्याने आलेल्या टिपणिसांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. स्वतःचा परिचय त्यांनी आधीच लिहून टाकला होता, चांगलं दीड पान. डोमाजी कापगते सरांच्या नावापुढे मात्र अजून कागद कोरा होता.

“मग दिग्दर्शन?”

“तेही नाही.”

“वीस वर्षं नाटक कंपनीत होतात ना तुम्ही?”

“होतो नं. प्रॉम्प्टर होतो. विंगेत वही घेऊन बसायचो. कोणी अडला की शब्द द्यायचो. पावसाळ्यात कंपनी बंद राहायची, तेव्हा एम.ए. केलं.”

टिपणिसांनी हसू दाबलं, पण दाबलेलं दिसलंच. “म्हणजे... फक्त शब्द देणं.”

“शब्द देणं सोपं आहे, सर. न देणं शिकायला वीस वर्षं लागली.”

टिपणिसांनी कागदावरून मान वर केली.

“एकदा एका नटाने विराम घेतला. मला वाटलं, विसरला. दिला शब्द. त्याने मला शिवीसुद्धा दिली नाही. पडदा पडल्यावर कोपऱ्यात बसून रडला. तेव्हापासून मी श्वास ऐकतो. विसरलेला माणूस श्वास सोडून देतो. विरामात तो धरून असतो.”

आता हे परिचयात बसवायचं कसं? टिपणिसांनी पेनाला टोपण लावलं.

कापगत्यांनी हात पुढे केला. “तुमचं दाखवा.”

ओळीखाली बोट फिरवत त्यांनी ते दीड पान सावकाश वाचलं. शिष्यवृत्ती, पुरस्कार, मुख्य भूमिका. एका जागी बोट थांबलं.

“इथवर दरवर्षी नाटक आहे. पुढे अकरा वर्षं एकही नाही... हा विसर की विराम?”

टिपणिसांचा चेहरा उतरला. हाच प्रश्न चुकवत ते पुणं सोडून इतक्या लांब आले होते.

“अडलो,” ते म्हणाले. “भर प्रयोगात. मुलगा घरी परत येतो, तो प्रवेश. शब्दच येईना. पडदा पाडावा लागला. त्यानंतर रंगमंचावर पाय ठेवला नाही.”

“हं.”

“मुलांना शिकवतो, पण करून दाखवत नाही. यंदा ती हट्टाला पेटलीत. म्हणतात, सर, तुम्हीच उभे राहा. काय सांगू त्यांना? भीती वाटते हो मला.”

“अडलात ते नाटक कोणतं?”

टिपणिसांनी नाव सांगितलं.

“आमच्या कंपनीनेही केलंय ते.”

कापगते उठले. दार लोटून घेतलं, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि टिपणिसांकडे पाठ करून बसले.

“म्हण.”

इतका वेळचं ‘तुम्ही’ कुठे गेलं, हे टिपणिसांच्या लक्षातही आलं नाही. ते उभे राहिले.

“दार मी लावलं, आई. कडी मी घातली. आणि आता बाहेर उभा राहून जो दार वाजवतोय...”

थांबले.

पंखा फिरत राहिला. बाहेर मैदानावर शिट्टी वाजली. टिपणिसांनी त्या पाठीकडे अगदी केविलवाणं पाहिलं. एक शब्द हवा होता, एकच. पाठ हलली नाही. छातीत श्वास कोंडला, कानशिलं गरम झाली...

“...तोही मीच.”

आवाज फाटका निघाला, पण निघाला. टिपणीस मटकन खाली बसले. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

“सर, शब्द ठाऊक होता तुम्हाला. जीव गेला असता माझा. दिला का नाहीत?”

कापगत्यांनी खुर्ची पुन्हा टेबलाकडे वळवली.

“विराम होता नं तो... जरा लांबला.”