हाकेचा उंबरा

हे लिहिणाऱ्याची शाळा आठवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही माडावर चढणाऱ्याच्या तोंडी असतात तसे साधेच येतील. वाचणाऱ्यांनी समजून घ्यावे. दाजी पाहुण्यांना जे सांगतात ते कुठेतरी लिहिलेले असावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

खारसुऱ्याच्या खाडीकाठी मयेकरांचे माडीचे दुकान आहे. जांभ्याचा चौथरा, वर कौले, आत माडाच्या खोडाचे तीन बाक. दुकानाचे तोंड खाडीकडे. दाराचा उंबरा एकाच लांब जांभ्या दगडाचा आहे आणि त्याच्या डाव्या अंगाला एक खळगा आहे, डावे पाऊल बरोबर मावेल एवढा. पावसाळ्यात त्यात पाणी साचते, चिमण्या येऊन पितात. गिऱ्हाईक तो खळगा टाळून आत येते. त्यात पाऊल ठेवायचे ते फक्त मालकाने.

आताचे मालक दाजी मयेकर. चव्वेचाळीस वर्षे झाली ते या दुकानात उभे आहेत. कुणाला काय हवे हे ते विचारत नाहीत. सकाळची गोडसर माडी कुणाला द्यायची, दुपारची चढलेली कुणाला, आणि कुणाला आज नुसती कुळथाची उसळ खायला घालून घरी धाडायचे, हे त्यांना माणूस पायरी चढतानाच कळते. "जेवलंस काय? मग आधी खा," असे म्हणून ते वाटी पुढे सरकवतात. भांडून आलेला माणूस तेवढ्यानेच निम्मा निवतो.

नवखा माणूस बुचकळ्यात पडतो तो निघताना. आमच्याकडे जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत, अपशकुन मानतात. या दुकानात मात्र हाक मारल्याशिवाय कुणाला जाऊ देत नाहीत. माणूस अंगण ओलांडून गेला की दाजी खळग्यात डावे पाऊल ठेवतात आणि त्याचे नाव घेऊन हाक मारतात. त्याने वळून ओ द्यायची. मगच दाजी म्हणतात, "जा आता, सांभाळून."

परवा पुण्याची काही मंडळी आली होती. ती गाडीपाशी पोचली आणि मागून हाक आली. त्यांतल्या बाई दचकून परतल्या. "काही विसरलं का आमचं?"

"तुमचं नाही, बाई," दाजी म्हणाले. "विसरलो ते आम्ही." आणि त्यांना पुन्हा बाकावर बसवून त्यांनी सांगायला घेतले.

दाजींच्या पणजोबांच्याही आधी या दुकानावर रवळू मयेकर नावाचा भंडारी होता. स्वतः माड चढायचा, पोय म्हणजे माडाचा न उमललेला तुरा छेदायचा, मडकी उतरवायचा आणि स्वतःच वाढायचा. त्याचा आवाज असा होता म्हणे, की ताजी माडी उतरली की तो दारात उभा राहून हाक द्यायचा आणि खाडीपलीकडच्या मिठागरात माणसे फावडी टाकून उभी राहायची. "रवळू बोलावता" म्हणत ती ओहोटीत पायी खाडी उतरून यायची. खाडीच्या मध्यावर एक काळा खडक आहे. तो गळ्यापर्यंत पाण्यात गेला की पायी उतरायचे नाही, काठाकाठाने लांबून बांधावरून जायचे, हे लहान मुलालाही ठाऊक होते.

मिठागरातला शाणू हा रवळूचा रोजचा माणूस. दोघांची थट्टा चालायची. शाणू म्हणायचा, "रवळू, तुझी माडी आणि माझा मीठ, एकाक दुसऱ्याशिवाय चव नाय." रवळू त्याची करवंटी कधी रिकामी राहू द्यायचा नाही.

एका फाल्गुनात भल्या पहाटे एक अवकाळी सर येऊन गेली. माडाच्या शेंड्यावरच्या मडक्यांना झावळीचे झाकण बांधतात. एका माडाचे बांधायचे रवळूकडून राहून गेले होते. त्या दिवशी त्याला घाई होती. सगळी मडकी त्याने चव न घेता एका रांजणात रिकामी केली. चव न घेता वाढणे, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केले, असे सांगतात.

दुपारी शाणूने दोन करवंट्या घेतल्या. तिसरी अर्धी झाल्यावर त्याने ती बाकावर ठेवली.

"रवळू, हेच्यात पाणी आसा रे."

बाक भरलेले होते. सगळे हसले.

"तुझ्या मिठागरातला असात," रवळू म्हणाला.

"हसण्यावारी नको नेव. पाणी आसा म्हणजे आसा."

भंडाऱ्याला चारचौघांत याहून मोठी शिवी नाही. रवळूचे तोंड लाल झाले. "माझ्या माडीत पाणी निघाला, तर ह्या दारात मी उभो रवणार नाय! तुका चव कळत नसात तर येव नको हंय!"

करवंटी तशीच ठेवून शाणू पायऱ्या उतरला. बांधाची वाट न धरता रागाच्या भरात तो सरळ खाडीत शिरला.

रवळू दारात आला. भरती लागली होती. काळा खडक गळ्यापर्यंत बुडाला होता, आणि शाणू अजून त्याच्या अलीकडेच होता. आत बसलेला म्हातारा भिकू बाकावरून ओरडला, "रवळू, हाक मार त्याका! पाणी चढता! आमचो आवाज थंय पोचाचो नाय!"

रवळूने तोंड उघडलेही होते. पण त्याच्या मनात आले, हाक मारली तर मीच नमलो असे होईल. भिजू दे जरा. येईल आपणच परत, मग बघू. आणि मागे न वळता तो म्हणाला, "जातल्याक मागसून हाक मारू नये."

बोलणे खरेच होते.

शाणू खडकाच्या पलीकडे, समोरच्या काठावरच्या झाडीच्या सावलीत गेला आणि दिसेनासा झाला. पोचला असेल, असे सगळ्यांनी धरले. सांजेला बाक रिकामे झाल्यावर रवळू आवराआवर करू लागला. शाणूची अर्धी करवंटी तशीच होती. ती ओतून टाकायला त्याने उचलली, आणि न ओतता तोंडाला लावली.

माडीत पाणी होते.

शाणू पुढे कुणालाच दिसला नाही. खाडीने त्याला कुठे नेले ते कळले नाही.

आजही मयेकरांच्या दुकानात माडी उतरली की पहिला घोट मालक घेतो, सगळ्यांच्या समोर. आजही त्या दारातून कुणी हाकेशिवाय जात नाही. रुसून गेलेल्याला तर दाजी दोनदा हाक मारतात. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाने जमिनीच्या वादातून रागाने ओ दिली नाही, तर दाजी अनवाणी बांधापर्यंत त्याच्या मागे गेले होते. "ओ दे आणि मग हवं तर जन्मभर बोलू नकोस," म्हणाले. भावाने तिथे ओ दिली.

पाहुण्यांनी विचारले, "पण यात त्या रवळूचा काय दोष? रीत होती ती."

दाजींनी खळग्याकडे पाहिले. "रीत होती," ते म्हणाले. "पण तो रितीमुळे गप्प नव्हता बसला." मग त्यांनी शेवटचे सांगितले. ते ते नेहमी शेवटीच सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेल्या खाडीतून होडी करून शाणूची बायको आवडा दुकानाशी आली. पायरीशी उभी राहून तिने विचारले, "भावजी, आमचो माणूस हंयच निजलो काय काल?"

भिकू पुढे सरसावला. काल तो बरा निघून गेला, एवढे म्हणून वेळ निभावून न्यायचे त्याच्या मनात होते. रवळूने त्याला हाताने थांबवले. तिच्या डोळ्यांकडे त्याला बघवले नाही. तिच्या पायांकडे बघत तो म्हणाला, "वहिनी, माडीत पाणी होता. तो खरा बोललो. तो खाडीत उतरलो तो मी बघलंय. हाक मारूक नाय."

"कित्याक?"

"माका राग इलो होतो."

आवडा रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. तिने खाडीकडे पाहिले. मग म्हणाली, "मग आता मार."

ह्या दारात उभा राहणार नाही असे तो काल बोलला होता. तरी त्याने डावे पाऊल उंबऱ्यावर टाकले आणि खाडीकडे तोंड करून शाणूच्या नावाने हाक मारली. पलीकडे मिठागरातली माणसे फावडी टाकून उभी राहिली. ओ आली नाही. त्याने पुन्हा मारली. पाणी ओसरू लागले, काळा खडक उघडा पडला, उन्हे डोक्यावर आली, आवाज फाटून त्याचा नुसता घोगरा श्वास उरला. त्या एका पावलाखाली दगड खचत गेला, असे सांगतात. खाडी पायी उतरण्याजोगी होईपर्यंत रवळू हाका मारत राहिला, आणि प्रत्येक हाकेनंतर ओ यायला लागतो तेवढा वेळ थांबत राहिला.