स्वागताच्या शाली

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की आज जिथे नुसते दगड आहेत तिथे तेव्हा गावं होती.

नदीच्या काठाने एक मोठं राज्य पसरलं होतं. त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, एक छोटं राज्य होतं. त्या छोट्या राज्याच्याच डोंगरातल्या गावांमधली माणसं म्हणत होती, "आमची बोली वेगळी, आमचा देव वेगळा. आम्हाला वेगळं होऊ द्या." पायथ्याचा राजा म्हणत होता, "वीतभर जमीन सुटणार नाही."

यावरून लढाई सुरू झाली आणि चालूच राहिली. ती कोणी सुरू केली हे सांगू शकतील अशी माणसं कधीच मरून गेली होती. उरलेल्यांना फक्त लढायची सवय होती.

मग एका वर्षी पीक बरं आलं. कापणीला हात पुरेनात, म्हणून दोन्हीकडच्यांनी भाले भिंतीला टेकवले. सुगी संपेपर्यंत कोणी कोणावर चालून जायचं नाही असं ठरलं. माणसं इतकी थकली होती, की बोलता बोलता आणखीही काही ठरलं. डोंगरातल्या गावांनी आपले न्यायनिवाडे आपल्या बोलीत, आपल्या पद्धतीने करावेत. राज्य मात्र एकच राहावं.

दोघांनाही ते पटलं. पण दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. वर जायला आणि खाली यायला एकच खिंड होती. तिथे तिसऱ्या कोणाचा तरी पहारा हवा होता, दोघांनाही ज्याचा धाक वाटेल अशा कोणाचा तरी. तसं राज्य एकच होतं, नदीकाठचं.

हा प्रस्ताव घेऊन त्यांनी भिवराबाईला पाठवलं. तिचं माहेर पायथ्याचं, सासर डोंगरातलं. भाऊ राजाच्या फौजेत, आणि एकुलता एक मुलगा सुभाना डोंगरातल्या टोळीत. तिच्याइतकी घाई कोणालाच नव्हती.

निघताना सुभाना म्हणाला, "आई, नुसतं पाणी पिऊन परत येऊ नकोस. काहीतरी घेऊन ये."

"तुझ्यासाठी बायको आणते की," ती म्हणाली. "आधी तो भाला टाक, मग कोणीतरी मुलगी देईल."

नदीकाठच्या दरबारात एकाचेही केस काळे नव्हते. याचा त्यांना फार अभिमान होता. आमचा अनुभव मोठा, असं ते एकमेकांना सांगत आणि डुलकी काढत. भिवराबाईने प्रस्ताव सांगितला. मूठभर पहारेकरी पुरतील, तेही सुगी संपायच्या आत हवेत, एवढंच तिचं मागणं होतं.

थोरले प्रधान उठले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "या प्रस्तावाचं आम्ही मनापासून स्वागत करतो."

मग त्यांनी टाळी वाजवली. एक सेवक ताटात शाल आणि नारळ घेऊन आला. शाल भिवराबाईच्या खांद्यावर पडली, दरबाराने माना डोलावल्या.

आता डोंगरात स्वागताचा अर्थ वेगळा होता. तिथे ज्याचं स्वागत केलं, त्याला चुलीजवळ जागा द्यायची आणि तो सुखरूप आपल्या घरी पोचेपर्यंत त्याचा जीव आपल्या अंगावर घ्यायचा, अशी रीत होती. भिवराबाई शाल पांघरून धावतच परत आली. "स्वागत झालं!" तिने खिंडीतूनच ओरडून सांगितलं. वर ढोल वाजले, खाली गूळ वाटला गेला. सुभानाने तर भाला मोडून कोंबड्यांच्या खुराड्याला आडवा लावला.

सगळे वाट पाहू लागले. खिंडीत कोणीच आलं नाही.

शेतं अर्धी कापून झाली तेव्हा भिवराबाई पुन्हा नदीकाठी गेली.

"प्रधानजी, पहारेकरी कधी निघणार?"

"कसले पहारेकरी?"

"तुम्ही स्वागत केलंत ना?"

"केलं की."

"मग?"

"मग काय बाई? स्वागत केलं." प्रधानांना तिच्या अडाणीपणाची कीव आली. "तिथल्या परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे."

"इथून दिसतं?" भिवराबाईने विचारलं.

दरबारात कोणीतरी खोकलं. प्रधानांनी टाळी वाजवली. दुसरी शाल आली.

या वेळी ती धावली नाही. रस्त्यात भेटणाऱ्यांना काय सांगावं हे तिला कळेना, म्हणून तिने शाल पदराखाली लपवली.

शेवटच्या पेंढ्या बांधायला घेतल्या तेव्हा ती तिसऱ्यांदा गेली. आता तिने प्रस्ताव सांगितलाच नाही. दरबाराच्या पायऱ्यांवर बसून राहिली. प्रधान बाहेर आले, तिला पाहून थबकले आणि कष्टाने तिच्याजवळ बसले. तेही थकलेले होते.

"खरं सांगू का, बाई? हो म्हटलं तर माणसं पाठवावी लागतात. शिवाय आमच्या रानातली गावंही उद्या हेच मागतील. नाही म्हटलं तर तुमच्याकडून येणारी लोकर आणि लाकूड बंद होईल. आम्ही इतकी वर्षं राज्य चालवतोय ते काय उगीच? स्वागत केलं की काही जात नाही."

"माझं जातं," भिवराबाई म्हणाली.

"तुम्ही तरुण माणसांसारखं बोलता. जरा धीर धरा. वेळ आली की सगळं आपोआप जुळून येतं."

"कोणासाठी जुळतं, प्रधानजी? तुम्ही इथे बसून आहात. तिकडे माझा पोरगा बिनभाल्याचा फिरतोय, तुमच्या शब्दावर."

प्रधानांनी टाळी वाजवली. तिसरी शाल आली. भिवराबाई नको म्हणाली, तरी त्यांनी ती तिच्या मांडीवर ठेवली.

सुगी संपली. हात मोकळे झाले. एका सकाळी धुक्यात खिंडीत काही हललं. खालच्यांना वाटलं, वरचे उतरतायत. वरच्यांना वाटलं, खालचे चढतायत. पुढे होऊन पाहून येईल असं मध्ये कोणी नव्हतं. ती चुकार गाय होती, हे नंतर कळलं. तोपर्यंत बरीच माणसं पडली होती. सुभाना रिकाम्या हातांनी "थांबा, थांबा!" म्हणत पुढे गेला होता. तो सगळ्यात आधी पडला.

भिवराबाईने पहिली शाल त्याच्यावर घातली. चांगली मोठी शाल होती. पायांपर्यंत पुरली.

मग गावं जळू लागली, आधी वरची, मग खालचीही. ज्यांना जिवंत राहायचं होतं ती माणसं नदीच्या वाटेला लागली. डोंगरातली आणि पायथ्याची, एकमेकांकडे न बघता, एकाच रस्त्याने. पुढे भिवराबाई होती. उरलेल्या दोन शालींमध्ये तिने रस्त्यात सापडलेली लेकरं गुंडाळली होती. एक वरच्यांचं, एक खालच्यांचं. त्यांच्या आया मागे राहिल्या होत्या.

नदीकाठच्या राज्याच्या वेशीवर सगळा दरबार जमला. महाराज स्वतः आले. थोरले प्रधान घाबऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, हे काय? ही एवढी माणसं कशाला आणलीत?"

भिवराबाईने शाली नीट केल्या, लेकरांचे चेहरे दिसतील अशा.

"तुम्ही स्वागत केलं होतंत," ती म्हणाली. "आम्ही आलो आहोत."

प्रधानांनी सवयीने टाळीसाठी हात उचलले. मग त्यांची नजर रस्त्यावर गेली. माणसांची रांग नदीच्या वळणापर्यंत होती आणि वळणाच्या पलीकडेही संपत नव्हती. त्यांचे हात तसेच खाली आले.

वेस उघडावीच लागली. माणसांबरोबर त्यांचं भांडणही आत आलं. पहिल्याच आठवड्यात बाजारात दोघांनी एकमेकांची डोकी फोडली. रानातली गावं म्हणू लागली, "आता आमचंही ऐका." एका खिंडीत मूठभर पहारेकरी पाठवायला जे राज्य तयार नव्हतं, त्याला आता स्वतःच्या प्रत्येक चौकात पहारा बसवावा लागला. तो पुढे कधी उठला नाही.

तात्पर्य: ज्याला हात द्यायचा नाही, त्याने शब्दही देऊ नये, कारण समोरचा त्या शब्दावर आपला भाला मोडून बसलेला असतो.