टिटवीची उंच चाकं

फार उंचावर, जिथे ढग सकाळी अंगणात येऊन बसतात आणि बायका त्यांना केरसुणीने हलकेच पायरीखाली लोटतात, अशा एका गावात एक मोटारवाला राहत होता. गावात मोटार एकच, ती त्याची. रंगाने फिकट निळी आणि स्वभावाने गरीब. तिचा हॉर्न टिटवीसारखा वाजायचा म्हणून पोरं तिला टिटवी म्हणत, आणि पुढे पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली. खालच्या ढगात कुठेतरी टिटिव टिटिव ऐकू आलं की गाव समजायचं, मोटारवाला घाट चढतोय, चहाचं आधण ठेवायला हरकत नाही.

मोटारवाल्याला एकच बहीण. ती घाटाखाली, नदीकाठच्या गावात दिलेली होती. घाट तसा सोपा, पण मधोमध रस्ता एकदम दुमडला होता, हाताच्या कोपरासारखा. लोक त्याला कोपरवळण म्हणत. एका अंगाला पाझरणारा खडक आणि दुसऱ्या अंगाला काठोकाठ ढगांनी भरलेली दरी. टिटवी तिथे स्टिअरिंग पूर्ण फिरवून, श्वास धरून, एका दमात वळायची.

मोटारवाला मनाने चांगला होता. फक्त त्याला कुणी काही बोललं की ते कपड्याला चिकटलेल्या कुसळासारखं दिवसभर टोचत राहायचं. गेल्या दिवाळीत तो बहिणीकडे गेला, तेव्हा तिचे सासरे उंच ओट्यावर उभे होते. त्यांनी टिटवीकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, "गाडी चांगली आहे हो तुमची. जरा बसकी आहे, इतकंच."

झालं. म्हातारा बोलून विसरूनही गेला, आणि मोटारवाला तो शब्द घेऊन घाट चढला. त्याला स्वप्नंही तशीच पडू लागली. स्वप्नात टिटवी ढगांवरून चालायची, तिची चाकं झाडांच्या शेंड्याइतकी उंच असायची, आणि खाली सासऱ्यांचा ओटा उंबऱ्याएवढा दिसायचा.

अशात बहिणीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि तिला आणायला भावाने मुराळी म्हणून जायचं, ही रीतच. निरोप आला तेव्हा आईने डिंक कढईत टाकला, आणि मोटारवाल्याने मनाशी ठरवलं की या खेपेला टिटवी बसकी दिसता कामा नये.

पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी, धुकं दाट पडलं की चाकांचा बाजार भरायचा. काय नव्हतं तिथे? कुंभाराची चाकं होती, रहाटाची होती, पांगुळगाड्याची बोटभर चाकं होती, आणि मोटारींची तर रांगच्या रांग. सगळी धुक्यात आपली आपण सावकाश फिरत असायची. त्यांच्या मधोमध चाकवाली बसायची, बडीशेप चघळत. गिऱ्हाइकाला ती चाक दाखवायच्या आधी दोन प्रश्न विचारायची, आणि उत्तर येईल त्याप्रमाणे माल द्यायची.

"गाडीत कोण कोण बसणार?" तिने विचारलं.

मोटारवाल्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा ओटा होता. तो म्हणाला, "मी बसणार. गाडी माझीच आहे."

"आणि वाटेत अवघड वळण कुठलं?"

"वळणं काय, सगळ्याच वाटेला असतात," तो म्हणाला. "मला उंच चाकं हवीत. बाजारात सगळ्यांत उंच असतील ती."

चाकवालीने त्याला समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. मधली लोखंडी रिम मोठी हवी असेल तर खुशाल घे, पण मग तिच्यावरचा टायर पातळ घे, म्हणजे चाकाची एकूण उंची होती तेवढीच राहील. गाडीच्या अंगाला तेवढीच उंची बेतलेली असते. पण मोटारवाल्याला ते पटेना. उंची वाढणारच नसेल तर एवढी खेप कशाला केली? त्याने मोठी रिम घेतली आणि तिच्यावर जाडजूड टायरही चढवून घेतला.

तिथल्या तिथे त्याने माप पाहिलं. टिटवी रिकामी होती, सपाट जमिनीवर उभी होती, तिचं तोंड सरळ होतं. टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यामधून त्याची बोटं आरामात गेली. "बसलं की बरोबर," तो म्हणाला. चाकवालीने बडीशेप चघळली, त्याची जुनी चाकं बदल्यात घेतली आणि त्यांच्यावर खडूने एक खूण करून ती मागे ठेवून दिली.

मग तो बहिणीला आणायला जो निघाला! काय ती ऐट. ढग त्याच्या खिडकीखालून जात होते. काटा बघावा तर वेग बेताचाच दाखवत होता, पण बाजूची झाडं मात्र भराभर मागे पळत होती. चाक मोठं झालं की एका फेरीत ते जास्त वाट कापतं, आणि काट्याला बिचाऱ्याला जुन्याच चाकाची सवय असते. मोटारवाल्याला वाटलं, आज वाटच आखूड झाली. कोपरवळणावर मडगार्डाखाली खर्र असा आवाज आला. एखादी फांदी असेल, असं म्हणून तो गाणं गुणगुणत खाली उतरला.

सासऱ्यांनी ओट्यावरून पाहिलं. "गाडी उंच झाली," ते म्हणाले. मोटारवाल्याचं पोट तेवढ्यानेच भरलं. त्यामुळे पुढचं त्याला दिसलंच नाही. बहीण निघाली, तिचे दिवस भरत आलेले, आणि तिचा पाय काही गाडीच्या पायरीपर्यंत जाईना. शेवटी सासूबाईंनी आतून पाट आणला, त्याच्यावर आणखी एक पाट ठेवला, आणि हाताला धरून तिला वर चढवलं. मागे जुन्या तांदळाचं पोतं आलं, गोधड्या आल्या, तुपाचा डबा आला, आणि तिच्या नवऱ्याला लहानपणी ज्यात झोपवायचे तो सागवानी पाळणाही आला. टिटवी मागून खाली दबली. मोटारवाला अजून ओट्याकडेच बघत होता.

चढ लागला आणि टिटवीचा आवाज बदलला. मोठी चाकं ओढताना तिला धाप लागत होती. लहानसहान वळणावरही मागून खरखर येत होती, आणि दर वळणाला ती वाढत होती. मग वास आला.

"दादा, काहीतरी जळतंय का रे?" बहिणीने विचारलं.

"कुणीतरी रानात पाला पेटवला असेल," तो म्हणाला. त्याला माहीत होतं की ते खरं नाही.

कोपरवळण आलं. त्याने स्टिअरिंग फिरवलं, ते अर्ध्यावर येऊन अडलं. पुढचा टायर मडगार्डात जाऊन रुतला होता आणि त्याच्यातून धूर निघत होता. टिटवीचं नाक दरीकडे होतं. खाली ढग इतके मऊ, इतके पांढरे दिसत होते की वाटावं, कुणी कापूस पिंजून ठेवलाय.

आणखी जोर लावला असता तर कदाचित चाक फिरलं असतं. कदाचित टायर फुटला असता, आणि गाडी त्या कापसात गेली असती. पण थांबायचं म्हणजे बहिणीसमोर कबूल करायचं की आपण चूक केली, आणि पोटुशा बाईला घाटात उतरवायचं. त्याला दोन्ही नको होतं. एवढ्यात मागून बहिणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला उतरव, दादा. मी चालते तेवढं."

मोटारवाल्याने ब्रेक दाबला. पाट नव्हते, म्हणून तो स्वतः जमिनीवर ओणवा झाला आणि ती त्याच्या पाठीवर पाय देऊन उतरली. त्याने तांदूळ उतरवला, डबा, गोधड्या, पाळणा, सगळं खडकाच्या कडेला मांडलं. गाडी हलकी झाली, जरा वर उठली. मग तो तिला थोडं पुढे, थोडं मागे घेत, वीत वीत सरकत वळवू लागला.

वळण निम्मं झालं तेव्हा त्याची नजर आरशात गेली. धुक्यातून त्याची बहीण येत होती. एक हात कमरेवर, एक हात ओल्या खडकावर, दर पावलाला थांबत. आणि गाडीत कुणी नव्हतं. जिला न्यायला गाडी आणली ती चालत होती, आणि रिकामी गाडी मोठ्या दिमाखात पुढे निघाली होती. मोटारवाल्याला रडू कोसळलं. वळणापलीकडे त्याने गाडी उभी केली, पळत मागे गेला आणि तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

बहीण दम लागून थांबली. तिने टिटवीकडे पाहिलं. "उंच आहे रे," ती म्हणाली. "खालून चालताना फारच छान दिसते."

सामान नंतर न्यायचं म्हणून तिथेच सोडून त्याने तिला पुन्हा पाठीवरून वर चढवलं, आणि पुढची वाट टिटवी माणूस चालेल इतक्या सावकाश गेली. काट्यावर त्याचा आता विश्वास नव्हता. तो झाडांकडे बघून चालवत होता.

घरी पोचेपर्यंत बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या, ठरल्या वेळेच्या आधीच. आईने मुलाकडे एकदा पाहिलं, चाकांकडे एकदा पाहिलं, आणि दार लावून घेतलं. मोटारवाला बाहेर त्या उंच चाकाला टेकून बसून राहिला. चाक इतकं मोठं होतं की त्याची सावली त्याच्या सगळ्या अंगावर पडली होती. आतून बहिणीचं कण्हणं येई, मधूनच थांबे, आणि ते थांबलं की त्याला जास्त भीती वाटे. तिला काही झालं तर हे चाक आपल्याला जन्मभर दिसत राहणार, असं त्याला वाटलं. ढग आले, अंगणात बसले, त्यांना लोटायला कुणी बाहेर आलं नाही.

मग बाळ रडलं. मुलगी झाली होती. लहानखुरी, पण आवाज असा खणखणीत की खालच्या ढगात टिटव्या उठल्या.

पुढचं धुकं पडताच मोटारवाला चाकांच्या बाजारात गेला. या खेपेला टिटवी भरलेली होती. तांदळाचं पोतं, पाळणा, गोधड्या, आणि मागच्या बाजूला हाताची घडी घालून आई. तिचा आता मुलाच्या मापावर भरवसा राहिला नव्हता.

चाकवालीने तेच विचारलं. "गाडीत कोण कोण बसणार?"

"माझी बहीण बसणार," तो म्हणाला. "तिची मुलगी, पाळणा, तांदूळ. आई बसली तर आईपण. मी चालवणार."

"आणि वाटेत अवघड वळण कुठलं?"

"कोपरवळण. तिथे स्टिअरिंग पुरं फिरवावं लागतं."

चाकवाली उठली आणि मागून चार चाकं घरंगळत घेऊन आली. त्यांच्यावर खडूची खूण तशीच होती. मोटारवाल्याने आनंदाने हात पुढे केला, पण तिने त्याला थांबवलं. चाकं बसवून झाल्यावर तिने त्याला भरल्या गाडीचं स्टिअरिंग आधी एका अंगाला आणि मग दुसऱ्या अंगाला शेवटपर्यंत फिरवायला लावलं. दोन्ही वेळा खाली वाकून तिने टायर आणि मडगार्ड यांच्यामधून हात फिरवला. हात कुठे अडला नाही.

"ही विकली कशी गेली नाहीत?" त्याने विचारलं.

"गिऱ्हाइकं आली की," चाकवाली म्हणाली. "पण कुणाच्या गाडीला बसेनात. तुझ्याच गाडीला बेतलेली होती ती."

बाळंतिणीचे महिने सरले आणि बहीण सासरी निघाली. कोपरवळणावर टिटवीने श्वास धरला, स्टिअरिंग पुरं फिरलं, आणि ती एका दमात वळली. मोटारवाल्याने आरशात पाहिलं. बहीण पेंगत होती, आणि पाळण्यातली मुलगी झोपेतच हसली. ढग खिडकीच्या काठापर्यंत आले होते, नेहमीसारखे.

सासरे ओट्यावर उभेच होते. त्यांनी गाडी खालपासून वरपर्यंत न्याहाळली. "अरेच्चा," ते म्हणाले, "पुन्हा बसकी झाली की."

"हो," मोटारवाला म्हणाला. "आता तुमची सून उतरते कशी, तेवढं बघा."

सासूबाई पाट आणायला आत वळल्या होत्या. त्या बाहेर येईपर्यंत बहिणीने दार उघडलं, आणि मुलीला छातीशी धरून, आपल्याच घराची पायरी उतरावी तशी ती खाली उतरली. दोन्ही हात मुलीला होते. तिला कशालाच धरावं लागलं नाही.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: गाडीला चाक निवडताना ती रिकामी, उभी आणि सरळ असताना कशी दिसते हे बघू नका, आपली माणसं आत बसवा, वळणावर आणा, आणि मग माप घ्या.